तीन इमारतींचं संघराज्य

संचालकबाईंनी चिठ्ठी ठेवली तेव्हा मी 'संघटना' हा शब्द हातावेगळा करून पेन्सिलीला टोक करत होतो. चिठ्ठीवर एकच शब्द होता: संघराज्यवाद. त्याखाली, 'चाळीस शब्द. पंधरा दिवस.'

आमचं कार्यालय शाळेतल्या मुलांसाठी नागरिकशास्त्राचा कोश तयार करतं आणि मी त्याचा प्रभारी संपादक आहे. प्रभारी म्हणजे काम सगळं आपलं, दारावरची पाटी दुसऱ्याची. तीन वर्षं मी प्रभारीच होतो, आणि हा कोश वेळेवर छापून झाला की 'प्रभारी' जाईल असं संचालकबाई दोनदा म्हणाल्या होत्या. एकदा तर स्पष्ट म्हणाल्या होत्या.

चाळीस शब्द म्हणजे काहीच नाही. मी 'लोकशाही' अठ्ठावीस शब्दांत संपवलेली आहे. म्हणून मी निर्धास्तपणे कपाटातून दोन जुने संदर्भग्रंथ काढले. पहिल्यात लिहिलं होतं, 'संघराज्यवाद: प्रबळ केंद्रीय सत्तेचा पुरस्कार.' दुसऱ्यात लिहिलं होतं, 'संघराज्यवाद: केंद्राच्या प्राबल्यास विरोध व घटकराज्यांच्या अधिकारांचा पुरस्कार.' मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. दोन्ही ग्रंथ जाडजूड होते, दोन्हींच्या लेखकांच्या नावामागे डॉक्टर होतं आणि दोघांपैकी एकालाही शंका आलेली दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना दोन्ही अर्थ लिहून दाखवले, मध्ये 'किंवा' घालून.

"किंवा नको," बाई म्हणाल्या. "मजबूत केंद्र की कमजोर केंद्र? परीक्षेत आलं तर मुलांनी काय लिहायचं, किंवा?"

मी परत येऊन बसलो. माझा स्वभाव मुळात काळजीचा. गॅसचं बटण मी तीनदा बघतो आणि जिन्यात पोहोचल्यावर चौथ्यांदा परत येतो. असा माणूस एका शब्दावर अडकला की त्याचं जेवण, झोप आणि संभाषण तिन्ही बिघडतं. घरी सासूबाईंनी "जावईबापू, उशी जरा वर सरकवा" म्हटलं, तर मी "केंद्राकडे की बाहेर?" असं विचारलं. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून त्या आमच्याकडे राहायला आलेल्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उशी स्वतःच सरकवली.

अशा मनःस्थितीत रविवारी आमच्या वसाहतीची सभा आली.

आमच्या वसाहतीत तीन इमारती आहेत. आवारात एक पंपघर, त्यातून निघणारा एक मोठा पाइप आणि त्यावर तीन व्हॉल्व्ह, प्रत्येक इमारतीच्या टाकीसाठी एक. पहिल्या इमारतीत अध्यक्ष राहतात. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. त्यांचं म्हणणं, पाण्याचा कारभार एका समितीच्या हातात हवा, एक पंप, एक किल्ली, एक वेळापत्रक. शेवटच्या इमारतीत कॅप्टन राहतात. ते जहाजावर इंजिनीअर होते, कॅप्टन कधीच नव्हते, पण आवाज कॅप्टनचा आहे. त्यांचं म्हणणं, प्रत्येक इमारतीनं आपला व्हॉल्व्ह आपण सांभाळावा. आम्ही मधल्या इमारतीत राहतो आणि आमचं काही म्हणणं नसतं.

नगरपालिकेची नवी मोठी लाइन मिळायची तर तीन इमारतींनी मिळून एक संस्था म्हणून नोंदणी करणं भाग होतं, आणि मुदत होती सोमवारची. अर्ज भरून तयार होता. घोडं एका रकान्यापाशी अडलं होतं: 'व्यवस्थेचे स्वरूप (एका शब्दात).' चष्मेवाले म्हणत होते लिहा 'केंद्रीय'. कॅप्टन म्हणत होते लिहा 'स्वतंत्र'. दोन तास झाले. चहा दोनदा झाला. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्या मधल्या इमारतीत एक शब्दांचे तज्ज्ञ आहेत. त्यांना का विचारत नाही?"

सत्तावीस वर्षांत सभेत मला कोणी काही विचारलं नव्हतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या डोक्यात पाच दिवसांपासून एकच शब्द होता. तोच बाहेर पडला.

"संघराज्य," मी म्हणालो.

चष्मेवाल्यांनी विचारलं, "त्यात मध्यवर्ती समिती असते ना? मजबूत?"

"असते."

लगेच कॅप्टननी विचारलं, "आणि प्रत्येक घटकाचे स्वतःचे अधिकार असतात? त्यात वरच्यांनी ढवळाढवळ करायची नाही?"

"नसते. म्हणजे असतात. अधिकार असतात."

"मग मला मान्य आहे," चष्मेवाले म्हणाले.

"मला तर आहेच आहे," कॅप्टन म्हणाले.

वसाहतीच्या इतिहासात एकमतानं झालेला तो पहिला ठराव. टाळ्या वाजल्या. डॉक्टरीणबाईंनी मला तिसरा चहा आणून दिला, बिस्किटासकट. चष्मेवाले म्हणाले, "शिक्षणाचा उपयोग होतो तो असा." कॅप्टननी माझ्या पाठीवर थाप मारली, तिची कळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होती. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

जिना चढताना बायको म्हणाली, "दोघंही खूश कसे?"

माझी बायको मोटार ड्रायव्हिंग शिकवते. वीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका दिसायच्या आधी ओळखत आली आहे.

"म्हणजे काय? तोडगाच तसा निघाला."

"ते दोघं एका वेळी खूश झालेले मी आजवर पाहिले नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय. उद्या अर्ज देण्याआधी जरा थांबा आणि दोघांना पुन्हा विचारा."

मी थांबलो नाही.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी नोंदणी कार्यालयात गेलो. अर्ज मीच द्यावा असा सगळ्यांचा आग्रह होता, आणि बिस्कीट अजून पोटात होतं. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"हा शब्द आमच्या यादीत नाही. यादीत दोनच आहेत. एकत्रित, क्रमांक एक. स्वतंत्र, क्रमांक दोन."

"हा दोन्हींच्या मधला आहे," मी म्हणालो.

"मधलं काही नसतं. नसेल तर क्रमांक तीन, इतर. इतरला स्पष्टीकरण जोडावं लागतं, तज्ज्ञाच्या सहीचं."

"तज्ज्ञ मीच आहे."

त्यांनी माझ्या कॉलरपासून डब्याच्या पिशवीपर्यंत पाहिलं. "हुद्दा?"

इथे माणसाचा खरा कस लागतो. मागे रांगेत अकरा माणसं होती आणि सगळी ऐकत होती. "कोश संपादक," मी म्हणालो. 'प्रभारी' हा शब्द घशापर्यंत आला होता, तिथेच राहिला. मग मी खिडकीच्या कट्ट्यावरच स्पष्टीकरण लिहिलं: 'संघराज्य म्हणजे ज्यात सर्वांचे अधिकार योग्य रीतीने राखले जातात अशी व्यवस्था.' खाली सही, हुद्दा आणि कार्यालयाचं नाव. वाक्य मला त्या वेळी भारदस्त वाटलं. त्यात अर्थ औषधालाही नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या कार्यालयाची ख्याती अशी, की माणूस अर्ज देतो आणि त्याचा मुलगा उत्तर आणायला जातो. आमच्या बाबतीत मात्र आठव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. नवी लाइन जोडली गेली. मंगळवारी सकाळी मी डबा घेऊन खाली उतरलो तेव्हा पंपघराला नवंकोरं कुलूप होतं, तिन्ही व्हॉल्व्हना साखळ्या होत्या आणि भिंतीवर रंगवलेली पाटी: 'संघराज्य. मध्यवर्ती समितीच्या परवानगीशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नये.'

संध्याकाळी परत आलो तेव्हा शेवटच्या व्हॉल्व्हची साखळी कापलेली होती. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा करून त्याला जहाजावर वापरतात तसलं पितळी कुलूप घातलं होतं, आणि शेजारी दुसरी पाटी: 'संघराज्य. घटक क्रमांक तीन. आमचा व्हॉल्व्ह, आमचा अधिकार.'

दोन पाट्या. शब्द एकच. 

चष्मेवाल्यांनी जाहीर केलं, शेवटच्या व्हॉल्व्हचं कुलूप निघेपर्यंत पंप चालू होणार नाही, कारण उघड्या व्हॉल्व्हमधून सगळं पाणी उतारावरच्या त्या शेवटच्या इमारतीत जाईल. कॅप्टननी जाहीर केलं, पंप चालू होईपर्यंत कुलूप निघणार नाही. पंप एकाच्या कुलपात, व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या. दोघांनी आदल्या दिवशी आपापल्या टाक्या काठोकाठ भरून घेतलेल्या. मधल्या इमारतीची टाकी बुधवारी सकाळी सव्वासातला संपली, मी दाढीला साबण लावलेला असताना.

तोंडचं पाणी पळणं हा वाक्प्रचार मी मागच्या एका वाक्प्रचारकोशात आठ शब्दांत समजावून सांगितला आहे. तो नळाच्या बाबतीतही खरा असतो हे त्या दिवशी कळलं. नळ आधी खोकला, मग शिट्टी वाजवून गप्प झाला. फाटकाजवळ नगरपालिकेचा एक सार्वजनिक नळ आहे, करंगळीएवढी धार. मी दोन बादल्या घेऊन रांगेत उभा राहिलो, एका गालावर साबण वाळलेला. रांग आमच्याच इमारतीची होती. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा, हे वाक्य मला त्या रांगेत तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं.

दुसरा मजला, चव्वेचाळीस पायऱ्या, सकाळी सहा बादल्या, संध्याकाळी चार. प्रत्येक मजल्यावर सल्ला. एकीनं सांगितलं, बादलीत लाकडी फळी टाका, पाणी हिंदकळत नाही. फळी टाकली. पाणी हिंदकळलं नाही, फळी तेवढी पायावर पडली. एक गृहस्थ म्हणाले, चढताना श्वास मोजा. मोजण्यात पायऱ्या चुकल्या. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पाण्यावाचून बंद पडला होता. त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि मी आलो की विचारायच्या, "मग, काय ठरलं? त्या शब्दाचा अर्थ काय?" एक पेशंट अर्धी दाढ कोरलेली घेऊन घरी गेला होता. त्याची आठवण मला अजून अधूनमधून येते.

ओल्या फडक्यानं अंग पुसून घेताना सासूबाई बायकोला एवढंच म्हणाल्या, "जावईबापूंचे हात थरथरतात गं. त्यांना दूध दे." हे मी बाहेरून ऐकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारी दुपारीच चष्मेवाले घरी आले. मी पुन्हा अर्धी रजा टाकली होती. रजा संपत आल्या होत्या.

"साहेब, तुम्ही फक्त लिहून द्या की संघराज्य म्हणजे मजबूत केंद्र. बाकी मी बघतो."

मी म्हणालो, "तसं सरळ सांगता येत नाही." पण माणूस समोर बसलेला, चेहरा लाल, आणि सासूबाई आत झोपलेल्या. त्यांनी लवकर जावं म्हणून मी कार्यालयातून घरी आणलेला पहिला ग्रंथ उघडून दाखवला. 'प्रबळ केंद्रीय सत्तेचा पुरस्कार.' ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं, फोनवर त्या पानाचा फोटो काढला, माझा हात दोन्ही हातांनी दाबला आणि गेले.

तासाभरानं कॅप्टन आले. ते बसले नाहीत. "मास्तर, खरं काय ते सांगा. संघराज्य म्हणजे घटकांचे अधिकार की नाहीत?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की तिचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर आहे. पण घराच्या फरशीला ब्रेक नसतो. मी दुसरा ग्रंथ उघडला. कॅप्टननी फोटो काढला.

गुरुवारी सकाळी फाटकावरच्या फलकावर ती दोन पानं शेजारी शेजारी चिकटवलेली होती. दोन्हींच्या समासात माझ्याच पेन्सिलीच्या खुणा. खाली कोणीतरी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'दोन्ही अर्थ एकाच घरातून मिळतील.' मी रांगेत उभा होतो आणि माझ्या पुढची सगळी माणसं तो फलक वाचत होती. बादली भरायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं मला कोणी विचारलं तर मी तपशीलवार सांगू शकतो, पण सांगणार नाही.

अकरा वाजता संचालकबाईंनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक तक्रार होती. सही चष्मेवाल्यांची आणि कॅप्टनची, दोघांची. आयुष्यातला त्यांचा दुसरा एकमताचा ठराव. सोबत माझ्या स्पष्टीकरणाची प्रत.

"कोश संपादक," बाईंनी वाचलं. "प्रभारी कुठे गेलं?"

"जागा कमी होती."

"खासगी कामात कार्यालयाचं नाव. वर 'ज्यात सर्वांचे अधिकार योग्य रीतीने राखले जातात'. हे तुम्ही लिहिलंत? 'योग्य रीतीने'?" या 'योग्य रीतीने'वर मी कनिष्ठांची पानं फाडलेली आहेत, हे त्यांना माहीत होतं. "परवा शनिवारी नोंदणी कार्यालयात तातडीची सुनावणी आहे. मी येणार आहे. नोंद देण्याची मुदत काल संपली, छापखान्यात दोनशे अकरावं पान कोरं आहे. तुम्ही तिथे त्या शब्दाचा अर्थ सांगणार असाल, तर मलाही ऐकायचा आहे."

शुक्रवारी मी चार पानं टिपणं काढली. व्युत्पत्ती, इतिहास, तुलना. रात्री जेवलो नाही. शनिवारी सुनावणीच्या खोलीत पोहोचलो तेव्हा कळलं, वाचायचा चष्मा पाण्याच्या रांगेत राहिला.

खोली लहान होती, खुर्च्या पाच आणि माणसं आठ. मी उभा राहिलो, आपण होऊनच. नोंदणी अधिकारी माझ्या पुतण्याच्या वयाचा होता आणि त्याला सर्दी झाली होती. आधी चष्मेवाल्यांनी त्यांचं पान वाचलं. मग कॅप्टननी त्यांचं पान वाचलं. अधिकाऱ्यानं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळला.

"शब्द तुमचा. अर्थ सांगा."

मी टिपणं डोळ्यांसमोर धरली. मुंग्यांची रांग दिसली. लांब धरली, जवळ धरली. चष्मेवाल्यांनी, धंद्याच्या सवयीनं असेल, खिशातून एक चष्मा काढून पुढे केला. तो मला लागेना. मग मी कागद घडी करून खिशात ठेवले. त्यानंतर जे बोललो ते ठरवून बोललो नाही.

"मला त्या दिवशी सभेतच कळलं होतं," मी म्हणालो. "यांनी मजबूत समितीबद्दल विचारलं आणि यांनी इमारतीच्या अधिकाराबद्दल विचारलं, तेव्हाच कळलं की दोघं उलट समजताहेत. शब्दाला दोन अर्थ आहेत हे मला पाच दिवस आधीपासून माहीत होतं. मी गप्प बसलो."

"का?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"सगळे टाळ्या वाजवत होते."

कॅप्टन खिडकीबाहेर बघायला लागले.

"आणि अर्थ?" अधिकारी म्हणाला. आवाज थोडा मऊ झाला होता, किंवा सर्दी असेल.

"शब्द दोन्हींकडे जातो, साहेब. अनेकांनी मिळून एक व्हायचं, पण आपापलं थोडं राखायचं, एवढंच त्यात आहे. किती एक व्हायचं आणि किती राखायचं, ते त्यात नाही. एका देशात मजबूत केंद्र हवं असणाऱ्यांनी हे नाव आधी घेतलं, कारण ते ऐकायला सौम्य वाटतं. त्यांचे विरोधक म्हणत राहिले, खरे संघराज्यवादी आम्ही. पण नाव गेलं ते गेलं. दुसरीकडे केंद्र आधीच बलदंड होतं, तिथे त्याला आवरू पाहणाऱ्यांनी तेच नाव घेतलं. म्हणून कोणी हा शब्द वापरला की विचारावं लागतं, कोण बोलतोय, कुठे, आणि कोणाच्या विरोधात. मी ते विचारलं नाही. मी बिस्कीट खाल्लं."

मागे कोणीतरी भराभर लिहीत होतं. वळून पाहिलं तर संचालकबाई.

अधिकाऱ्यानं अर्ज पुढे ओढला आणि त्या रकान्यावर आडवी रेघ मारली. "मग किल्ली कोणाकडे राहणार, पंप कोण चालवणार, व्हॉल्व्ह कोण किती वाजता उघडणार, एवढं लिहायचं ना. शब्द कशाला हवा? आठ दिवसांत हे सगळं लिहून आणा, दोघांच्या सह्यांनी. तोवर सगळ्या किल्ल्या यांच्याकडे." आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "दोघांचाही यांच्यावर विश्वास नाही, त्यामुळे तक्रार येणार नाही."

बाहेर व्हरांड्यात संचालकबाईंनी वही माझ्यापुढे धरली. माझंच बोलणं, पण धुऊन वाळवून घडी घातलेलं. 'अनेक राज्यांनी मिळून एक राज्य करावे व सत्ता दोन पातळ्यांवर वाटावी, हा विचार. काही देशांत प्रबळ केंद्राचे समर्थक स्वतःला संघराज्यवादी म्हणवतात, काही देशांत मात्र घटकराज्यांच्या अधिकारांचे समर्थक. म्हणून हा शब्द कोणी, कुठे, कधी आणि कोणाविरुद्ध वापरला हे आधी नीट पाहावे.'

"चाळीस," त्या म्हणाल्या. "'नीट' काढलं तरी चालेल."

"'नीट' राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे. हुद्द्याबद्दलचं ताकीदपत्र सोमवारी मिळेल. प्रभारी यंदा जाणार नाही." आणि दोन पावलं गेल्यावर वळून, "सासूबाईंचा पाय कसा आहे?"

अशा रीतीनं चार किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आला. रविवारी पहाटे साडेपाचला मी पंपघर उघडलं. कॅप्टन त्यांच्या खिडकीत उभे, चष्मेवाले त्यांच्या. दोघांच्या देखत मी बटण दाबलं. पंप गुरगुरला, पाइप थरथरला. मी पहिला व्हॉल्व्ह उघडला तो मधल्या इमारतीचा, कारण आमची टाकी सहा दिवस नव्हे तर चार दिवस कोरडी होती, पण मला ते सहा वाटले होते. मग पहिली इमारत, मग शेवटची. प्रत्येकी चाळीस मिनिटं. सासूबाईंनी त्या दिवशी केस धुतले.

पहिले दोन दिवस बटण बंद केलं की नाही बघायला मी कामावर जाताना तीनदा वळायचो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखान्यासाठी दहा मिनिटं जास्त सोडाल का. मी विचार केला आणि सोडली. त्या अर्ध्या दाढेचं ऋण होतं माझ्यावर. चौथ्या दिवशी आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ, ज्यांनी मला रांगेत ऐकवलं होतं, जिन्यात उभे राहून विनंती करून गेले. मी म्हणालो, बघतो. हे 'बघतो' गॅसच्या बटणाच्या 'बघतो'पेक्षा निराळं होतं. आवाजात वजन आलं होतं. पाचव्या दिवशी मी वहीत वेळापत्रक आखलं, लाल आणि निळ्या शाईत. सहाव्या दिवशी कॅप्टन पंपाच्या वॉशरबद्दल काही सांगायला आले तर मी म्हणालो, "लेखी द्या."

त्या आठवड्यात दर संध्याकाळी चष्मेवाले आणि कॅप्टन आमच्या बैठकीत बसून कलमं लिहीत होते. मध्ये सासूबाई, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून. एकाचा आवाज चढला की त्या म्हणायच्या, "पाय दुखतो हो माझा," आणि आवाज उतरायचा. पंप समितीकडे, व्हॉल्व्ह इमारतींकडे, वेळा तिघांनी मिळून ठरवायच्या, वॉशर बिघडला तर कॅप्टननी बघायचा. एकोणीस कलमं झाली. त्यांत एकही मोठा शब्द नव्हता. मी कुठे 'योग्य' घालायला गेलो की दोघं मिळून तो खोडायचे.

सोमवारी अधिकाऱ्यानं शिक्का मारला. संध्याकाळी दोघं किल्ल्या घ्यायला आले. सासूबाई प्लास्टर काढून काठीच्या आधारानं दारापर्यंत चालत आल्या होत्या. बायको नुकतीच शेवटच्या शिकाऊ ड्रायव्हरला सोडून आली होती.

"द्या साहेब," चष्मेवाले म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "पण काय आहे, लाइनचा दाब अजून नीट बसलेला नाही. आणखी दोन-चार दिवस माझ्याकडे राहिल्या तर बरं. सगळ्यांच्याच सोयीचं. एकाच्या हाताखाली कसं सुरळीत चाललंय."

कॅप्टन चष्मेवाल्यांकडे बघत होते, चष्मेवाले माझ्याकडे. तेव्हा मला मी काय बोललो ते ऐकू आलं.

बायकोनं हात पुढे केला. "किल्ल्या."

जुडगा खिशातून निघायला वेळ लागला. अस्तरात अडकला होता. तिनं पंपाची किल्ली चष्मेवाल्यांना दिली, शेवटच्या व्हॉल्व्हची कॅप्टनना, पहिल्याची पुन्हा चष्मेवाल्यांना त्यांच्या इमारतीसाठी, आणि मधली खाली डॉक्टरीणबाईंकडे पाठवली. मला नाही. मी निषेध म्हणून चहा केला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला जाग आली. पलंगाच्या कडेला बसून मी पायानं चपला शोधत होतो, तेवढ्यात भिंतीतल्या पाइपमधून घुरघुर आली. मग वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज. कोणीतरी पंप चालू केला होता, वेळेवर, एक मिनिटही इकडेतिकडे नाही. चाळीस मिनिटं मी तसाच बसून तो आवाज ऐकला. एकदाही चुकला नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.